रस्त्यात थांबलेल्या गाडीसाठी : नागपूर-विदर्भातील एसटीची वाटचाल

एसटीची वाटचाल सांगायची म्हटली की पहिली गाडी, पहिला मार्ग, वाढत गेलेली आगारं आणि उतारूंचे आकडे यांची उजळणी होते. ती हवीच. पण खेड्यातल्या माणसाने एसटीवर जो विश्वास टाकला, त्याचं मूळ मला आणखी एका ठिकाणी दिसतं. गाडी म्हटली की ती कधी ना कधी बंद पडणारच. बंद पडल्यावर उतारूंचं काय होतं, मागून येणारा चालक थांबतो का, जवळच्या आगारातून माणूस निघतो का, आणि आजारी म्हातारीला घेऊन निघालेला मुलगा त्या रात्री नागपूरला पोचतो का, यावर प्रवासी वाहतूक करणाऱ्या संस्थेची पारख होते. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांच्या पुढे जाणारा पारा, पावसाळ्यात चाकं गिळणारी काळी माती आणि दोन गावांमधली लांबलचक अंतरं, अशा विदर्भात या कसोटीला एसटी गेली कित्येक दशकं सामोरी जात आली आहे. तिची ही बाजू फारशी लिहिली गेली नाही, म्हणून हा लेख.

मोटार आली तेव्हा

मोटारी आल्या, तशा मोटारवाल्यांनी एकमेकांना सांभाळण्याच्या संस्थाही काढल्या. जर्मनीत १९०३ साली मोटारसायकलवाल्यांची संघटना उभी राहिली, तीच पुढे 'एडीएसी' म्हणून युरोपातली मोठी मोटार संघटना झाली. इंग्लंडमध्ये १९०५ साली ऑटोमोबाईल असोसिएशन निघाली. तिचे पहिले गस्तवाले सायकलवरून रस्त्यावर फिरत. मुंबईत १९१९ साली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन स्थापन झाली आणि आपल्या भागातल्या मोटारमालकांना रस्त्यातली मदत, नकाशे आणि परवाने मिळू लागले. आजही युरोप-अमेरिकेत जुनी मोटारघरं हौसेने बाळगणारे लोक आपापले गट करून राहतात. कोणत्या गावात कोणता सभासद आहे, कुणाकडे कोणता दुर्मीळ सुटा भाग पडून आहे, याची माहिती ते एकमेकांना देतात आणि कुणाची गाडी अडली की हत्यारं घेऊन पोचतात.

या सगळ्या संस्था मालकांच्या. वर्गणी भरावी, सभासद व्हावं आणि अडचणीत मदत मागावी, अशी त्यांची रीत. मध्य प्रांत आणि वऱ्हाडात मोटार बाळगणारे मोजके, आणि दुसऱ्याच्या मोटारीत बसून जाणारे मात्र गावोगाव होते. खासगी सर्व्हिस मोटारी धावत. एकेका मालकाकडे एक-दोन गाड्या. गाडी बंद पडली की क्लीनर गाडीखाली शिरायचा आणि उतारू झाडाखाली बसायचे. दुसऱ्या मालकाची गाडी मागून आली तरी ती थांबेलच असं नाही, आणि थांबली तर नव्याने पैसे मोजावे लागायचे. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग झालं. तेव्हा देशभर अनेक बसगाड्यांच्या पाठीला कोळशाच्या भट्ट्या बसवल्या गेल्या. कोळशाच्या वायूवर इंजिन चाले, पण ताकद कमी पडे. चढ आला की उतारूंनी उतरून चालायचं. वाटेत अडकून पडणं हा त्या काळात प्रवासाचाच भाग होता.

नागपुरात ठरलेला नकाशा

याच युद्धकाळात, १९४३ च्या डिसेंबरात, देशभरच्या मुख्य अभियंत्यांची परिषद नागपुरात भरली. तिने आखलेली वीस वर्षांची रस्ते योजना 'नागपूर योजना' म्हणून ओळखली जाते. भारतातली ही पहिली देशव्यापी रस्ते योजना. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, मोठे व लहान जिल्हा रस्ते आणि गावरस्ते ही रस्त्यांची प्रतवारी याच परिषदेत ठरली. शेतीच्या विकसित भागातलं कोणतंही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा दूर असू नये, हे तिचं एक उद्दिष्ट होतं.

पुढे एसटी ज्या रस्त्यांवर धावली, त्यांची मांडणी अशी नागपुरात ठरली आणि नागपूर स्वतः त्या मांडणीच्या मध्यावर आलं. वाराणसी ते कन्याकुमारी हा जुना राष्ट्रीय महामार्ग ७ आणि हाजिरा ते कोलकाता हा जुना महामार्ग ६ इथेच एकमेकांना छेदतात. नव्या क्रमांकांनी त्यांच्या इथल्या भागांची नावं ४४ आणि ५३ झाली, पण जुन्या चालकांच्या तोंडी अजून 'सात नंबर' आणि 'सहा नंबर'च असतं. उत्तरेला देवलापार, खवासा. दक्षिणेला बुटीबोरी, जाम, हिंगणघाट. पश्चिमेला कोंढाळी, तळेगाव, तिवसा. पूर्वेला भंडारा. नागपूरहून कुठेही निघा, पुढची मदत किती मैलांवर आहे हा प्रश्न सोबत असायचाच.

तीन सेवा एक झाल्या

१ जून १९४८ रोजी अहमदनगरहून पुण्याला राज्य परिवहनाची पहिली गाडी निघाली. चालक किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे. गाडी बेडफोर्ड, बॉडी लाकडी, आसनं काथ्याची. नागपूर तेव्हा या कथेत नव्हतं. ते मध्य प्रांत आणि वऱ्हाडाच्या राजधानीचं शहर होतं आणि इथल्या रस्त्यांवर प्रोव्हिन्शियल ट्रान्सपोर्ट सर्व्हिस ही सरकारी सेवा चाले. मराठवाडा ज्यात होता त्या हैदराबाद संस्थानात तर निजामाच्या रेल्वे खात्याने १९३२ सालीच सरकारी बस सुरू केली होती.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ आणि मराठवाडा मुंबई राज्यात आले, आणि पुढे तीन वेगवेगळ्या घरांतून आलेल्या वाहतूक सेवा एका महामंडळाखाली एकत्र झाल्या. गाड्यांची बनावट वेगळी, सुटे भाग वेगळे, कामगारांच्या सेवाशर्ती वेगळ्या, हिशेबाची पुस्तकं वेगळी. दुरुस्तीच्या दृष्टीने ही सर्वांत अवघड बाब होती. एका गाडीचा भाग दुसरीला बसत नसेल, तर रस्त्यात मदतीला आलेला मेकॅनिक कितीही कुशल असो, हात चोळत उभा राहतो. गाड्यांचे प्रकार कमी करत जाणं आणि तोच भाग सगळ्या आगारांत ठेवणं हे काम प्रसिद्धीला येत नाही, पण पुढच्या सगळ्या मदतीचा पाया तेच असतं. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, पुढे महामंडळाचं नाव महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ झालं, आणि टप्प्याटप्प्याने खासगी मार्ग ताब्यात घेत १९७४ च्या सुमारास राज्यातल्या टप्पा वाहतुकीचं राष्ट्रीयीकरण पुरं झालं.

राष्ट्रीयीकरणाबद्दल बरंच बोललं गेलं आहे. त्याचा एक परिणाम मात्र मला सर्वांत मोठा वाटतो. त्यानंतर रस्त्यावर मागून येणारी लाल गाडी आपल्याच संस्थेची असायची. दोन चालक स्पर्धक राहिले नाहीत, सहकारी झाले. थांबण्यात कुणाचंच नुकसान उरलं नाही.

आगारांची साखळी आणि एक नियम

आज राज्यात सुमारे २५० आगारं आणि ३१ विभाग आहेत. नागपूर विभागात शहरातली गणेशपेठ, इमामवाडा, घाट रोड आणि वर्धमाननगर, आणि बाहेर सावनेर, काटोल, रामटेक, उमरेड अशी आगारं आहेत. वर्धा विभागात वर्धा, आर्वी, पुलगाव, हिंगणघाट आणि तळेगाव. नकाशावर ही नावं जोडत गेलं की एक गोष्ट ध्यानात येते. नागपूरहून अमरावतीला जाणारी गाडी तळेगावच्या अलीकडे-पलीकडे कुठेही थांबली तरी जवळच्या आगाराचा हात तिच्यापर्यंत पोचतो. चंद्रपूरच्या वाटेवर वरोरा तेच काम करतं. आगार म्हणजे गाड्या उभ्या करायची जागा, एवढीच ओळख आपल्याला असते. प्रत्यक्षात ते चोवीस तास जागं असलेलं मदतकेंद्रही आहे. मूळ आगार कोणतंही असो, गाडी ज्या आगाराच्या हद्दीत बंद पडली त्याने माणूस पाठवायचा, अशी रीत आहे. अकोल्याची गाडी कोंढाळीजवळ अडली तर अकोल्याची वाट पाहत बसायचं नाही.

या साखळीला जोडून एक नियम आहे आणि तो प्रत्येक प्रवाशाला माहीत असायला हवा. गाडी रस्त्यात बंद पडली तर मागून येणाऱ्या एसटीने तिच्या प्रवाशांना घ्यायचं. त्यांनी नवं तिकीट काढायचं नाही. मागची गाडी वरच्या श्रेणीची असली तरी दरातला फरक मागायचा नाही. बंद गाडीचा वाहक दुसऱ्या वाहकाला किती प्रवासी, कुठून कुठपर्यंतचे, हे लिहून देतो आणि आपल्या प्रवाशांना त्याच्या हवाली करतो. महामंडळाने परिपत्रकं काढून या नियमाची आठवण आपल्या कर्मचाऱ्यांना वेळोवेळी दिली आहे. कागदावरचा नियम गर्दीच्या दिवशी पाळणं सोपं नसतं. आधीच दाटीवाटीने भरलेल्या गाडीत आणखी वीस माणसं चढवताना वाहकाला दोन्हीकडचं ऐकावं लागतं. तरीही हा नियम जितका पाळला जातो तितका पाळला जावा, एवढ्यासाठीसुद्धा सार्वजनिक वाहतूक टिकली पाहिजे असं मी म्हणेन. मोटारमालकांच्या संघटनेत वर्गणीदाराला जे मिळतं, ते इथे साधं तिकीट काढलेल्या शेतमजुराला मिळतं.

गाड्या किती वेळा अडल्या याची नोंदही ठेवली जाते. देशभरातली राज्य परिवहन मंडळं दर दहा हजार किलोमीटरमागे किती ब्रेकडाऊन झाले हा आकडा काढतात आणि त्यावरून आगाराची देखभाल जोखली जाते. रोजची तपासणी, आठवड्याची तपासणी, ठराविक किलोमीटरनंतरचं डॉकिंग आणि वर्षाचं पासिंग हे सगळं त्या एका आकड्यासाठी असतं. आगारातला चार्जमन सकाळी तोच आकडा आधी बघतो.

मे महिन्यातली दुपार

रस्त्यावरची मदत प्रत्यक्षात कशी चालते ते एकदा नीट पाहण्यासारखं आहे. मे महिन्यातली दुपार, सहा नंबरचा रस्ता. इंजिन झटके देतं, ताकद सोडतं आणि गाडी कडेला येऊन थांबते. चालक उतरून आधी मागे जातो. बाभळीची फांदी तोडून गाडीच्या मागे पंचवीस-तीस पावलांवर उभी करतो, तिच्या बुडाशी दोन-चार दगड ठेवतो. मागून येणाऱ्याला ही खूण दुरून कळते. परावर्तक त्रिकोण गाडीत असला तर तोही लावतो. वाहक उतारूंना खाली घेतो, सावली दाखवतो आणि आगाराला फोन लावतो. मोबाईल नव्हते तेव्हा हाच निरोप पुढे जाणाऱ्या ट्रकवाल्याकडे किंवा समोरून येणाऱ्या एसटीच्या वाहकाकडे चिठ्ठीने जायचा, आणि तो चिठ्ठी पुढच्या स्थानकावरच्या वाहतूक नियंत्रकाच्या हातात देऊनच पुढे निघायचा.

तेवढ्यात समोरून येणारी गाडी थांबते. "काय झालं, भाऊ?" असं विचारत दुसरा चालक उतरतो. डिझेलच्या नळीत हवा धरली आहे, हे दोघांच्या लक्षात येतं. जुन्या डिझेल इंजिनात हा नेहमीचा दोष. फिल्टर तुंबला किंवा नळीचा जोड सैल झाला की हवा आत शिरते आणि पंपाला डिझेल मिळत नाही. एकजण फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू दोन आटे सैल करतो. दुसरा फीड पंपाची मूठ हाताने वरखाली दाबत राहतो. आधी फेस येतो, मग बुडबुडे असलेलं डिझेल, आणि शेवटी अखंड स्वच्छ धार. धार अखंड झाली की मूठ चालू असतानाच स्क्रू आवळायचा, नाहीतर हवा पुन्हा आत जाते. सेल्फ मारला की इंजिन दोन-तीनदा अडखळतं आणि लागतं. दहा-पंधरा मिनिटांचं काम. पण दुसरा माणूस नसेल तर ते तासाभराचं होतं.

दुरुस्तीच्या या शाळेत सगळ्यांचेच धडे पाठ असतात. पंख्याचा पट्टा तुटला की इंजिनातलं पाणी फिरायचं थांबतं आणि काटा लाल पट्टीत जातो. तेव्हा रेडिएटरचं झाकण लगेच उघडायचं नाही, वाफ बसू द्यायची. पाटा तुटला असेल तर उतारू आधी उतरवायचे आणि मगच गाडी रांगत जवळच्या थांब्यापर्यंत न्यायची. ब्रेकच्या टाकीत हवा भरत नसेल तर गाडी जागची हलवायची नाही, कितीही आरडाओरडा झाला तरी. आणि सगळं जुळून गाडी निघाली की मागे ठेवलेले दगड आणि फांदी उचलून कडेला टाकायची. ते रस्त्यात राहिले तर रात्री एखादा दुचाकीवाला त्यावर आदळतो. हा शेवटचा धडा जुने चालक नव्यांना बजावून सांगतात, आणि तो चुकवणाऱ्याला त्यांनी कधी माफ केलेलं नाही.

हिंगण्याची कार्यशाळा

रस्त्यावर जे हातांनी साधत नाही त्यासाठी हिंगणा आहे. एसटीच्या राज्यात तीन मध्यवर्ती कार्यशाळा आहेत : पुण्याजवळ दापोडी, छत्रपती संभाजीनगरला चिकलठाणा आणि नागपूरला हिंगणा औद्योगिक वसाहतीत. कंपनीकडून नुसती चासी येते आणि तिच्यावर बॉडी इथे चढते. सांगाडा, पत्रे, खिडक्या, आसनं, रंग, आणि शेवटी दर्शनी फलक. गडचिरोलीच्या जंगलात धावणारी लाल परी अनेकदा नागपुरातच आकाराला आलेली असते.

जुन्या गाड्यांना इथे नवा जन्मही मिळतो. इंजिन आणि चासी शाबूत असलेल्या गाड्यांची अ‍ॅल्युमिनियमची बॉडी उतरवून त्यावर पोलादी बॉडी बांधण्याचं काम गेल्या दशकात तिन्ही कार्यशाळांनी हाती घेतलं. पोलादी सांगाडा अपघातात अधिक तग धरतो. नवी गाडी विकत घेण्यापेक्षा हा मार्ग स्वस्त पडतो आणि कार्यशाळेतल्या हातांना काम राहतं. शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली आयटीआयची मुलं एसटीत येतात, तीही अशाच ठिकाणी घडतात. कोणता नट किती आवळायचा आणि कोणत्या आवाजाला घाबरायचं, हे पुस्तकात मिळत नाही. ते वरिष्ठ कारागिराच्या शेजारी उभं राहूनच कळतं.

या जुन्या विद्येला आता नवी विद्या जोडावी लागते आहे. १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज सहाची मानकं लागू झाली. या इंजिनांमधले दोष पान्ह्याने शोधता येत नाहीत. सेन्सर बिघडला की इंजिन स्वतःच ताकद कमी करून घेतं आणि खरा दोष कळायला संगणक जोडावा लागतो. डिझेलसोबत युरियाचं द्रावणही भरावं लागतं. त्यातच १ एप्रिल २०२३ पासून सरकारच्या आणि महामंडळांच्या पंधरा वर्षांवरील गाड्या रस्त्यावरून काढण्याचा केंद्राचा नियम आला. जुन्या गाडीवर हात बसलेले कारागीर आणि नव्या गाडीचा संगणक वाचणारी पोरं एकाच आगारात एकमेकांकडून शिकत आहेत. ही देवाणघेवाण जपली तर एसटीचं दुरुस्तीचं घराणं पुढे चालेल.

मुक्कामी गाडी

विदर्भातल्या एसटीची खरी परीक्षा नागपूरपासून जितकं दक्षिणेला जावं तितकी कठीण होत जाते. गडचिरोली विभागात ब्रह्मपुरी, गडचिरोली आणि अहेरी ही आगारं. अहेरीच्या पुढे सिरोंचा, एटापल्ली, भामरागड. सिरोंचा नागपूरपासून साडेतीनशे किलोमीटरहून दूर आहे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. अशा भागात आगारांची साखळी विरळ होते आणि मोबाईलची रेंज जाते.

तिथे एसटीला सांभाळतं गाव. संध्याकाळी शेवटच्या गावी जाणारी गाडी रात्री तिथेच मुक्काम करते आणि पहाटे पहिली फेरी म्हणून परत निघते. चालक आणि वाहक गाडीतच आसनांवर किंवा उन्हाळ्यात टपावर झोपतात. कित्येक गावांत त्यांच्या जेवणाची, पाण्याची, झोपण्यासाठी समाजमंदिराच्या ओट्याची सोय लोक स्वतःहून करत आले आहेत. सकाळी बॅटरी उतरलेली निघाली तर ढकलायला पंधरा माणसं गोळा होतात. नाल्यात चाक रुतलं तर कुणी दोर आणतं, कुणी ट्रॅक्टर आणतं, कुणी चाकाखाली घालायला फांद्या आणि दगड. ही मदत कुठल्या परिपत्रकात नाही. पण ती एकतर्फीही नाही. त्याच गाडीने गावातली मुलं तालुक्याच्या शाळेत जातात, बाळंतीण दवाखान्यात जाते आणि टपाल येतं. गाडी आपली आहे असं गावाला वाटतं, म्हणून ती अडली की गाव हातातलं काम सोडून येतं. 'गाव तिथे एसटी' हे घोषवाक्य या मुलखात दोन्ही बाजूंनी खरं ठरलं.

कसोटीची दोन वर्षं

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि गाड्या आगारांत उभ्या राहिल्या. मे महिन्यात हजारो मजूर हैदराबादकडून, मुंबईकडून पायी चालत नागपूरच्या वेशीवर पोचले. पांजरी टोल नाक्यावर नागपूरकरांनी अन्नपाण्याची सोय केली आणि एसटीने या माणसांना राज्याच्या सीमेपर्यंत मोफत नेऊन सोडलं. त्या दिवसांत या गाड्या चालवणाऱ्यांनी स्वतःच्या जिवाची जोखीम घेतली होती, हे विसरून चालणार नाही. त्याच महिन्यात महामंडळाने मालवाहतूकही सुरू केली. आयुष्य संपत आलेल्या बसगाड्यांची आसनं काढून त्यांचे मालट्रक करण्यात आले. कार्यशाळांनी इथेही जुन्या लोखंडाला कामाला लावलं.

ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस कामगारांचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. त्यामागची वेतनाची आणि कर्जात बुडालेल्या घरांची दुःखं खरी होती. इथे मी फक्त दुरुस्तीच्या बाजूचं बोलतो. सहा महिने उभी असलेली बस नुसती किल्ली फिरवून चालू होत नाही. बॅटऱ्या मेलेल्या असतात, टायर एका जागी दबून चपटे झालेले असतात, रबरी नळ्या कडक होतात, ब्रेक धरून बसतात. परत आलेल्या यांत्रिकी कर्मचाऱ्यांना एकेक गाडी पुन्हा रस्त्यालायक करावी लागली. पुढे ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरीपुढच्या ज्येष्ठांना मोफत आणि मार्च २०२३ मध्ये महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवास सुरू झाला, तेव्हा स्थानकांवर पूर्वीसारखी गर्दी परतली. ती गर्दी पेलायला गाड्या तयार होत्या, त्यामागे या कर्मचाऱ्यांचे काळवंडलेले हात होते.

नवे रस्ते, नवी जबाबदारी

११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा खुला झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा पूर्ण मार्ग. एसटीनेही सुरुवातीलाच नागपूर-शिर्डी गाडी या मार्गावर घातली. वेळ वाचला, हे मोठंच झालं. पण रस्त्यातल्या मदतीचं गणित इथे बदललं. दोन्ही बाजूंना कुंपण, गाव दूर, टपरी नाही, आणि मागून ताशी शंभराच्या पुढच्या वेगाने येणाऱ्या गाड्या. इथे बाभळीची फांदी पुरत नाही आणि सहकारी चालकाने मधेच थांबणं धोक्याचं ठरतं. सिमेंटचा तापलेला रस्ता, झिजलेला टायर आणि सलग वेग एकत्र आले की टायर फुटतो, याचे अनेक दाखले या महामार्गाने दिले आहेत. राष्ट्रीय महामार्गांवर १०३३ हा मदत क्रमांक आहे, समृद्धीवर गस्तीची आणि तातडीच्या मदतीची वाहनं आहेत. एसटीने आपली दुरुस्ती पथकं यांच्याशी जोडून घेतली पाहिजेत. आषाढीला पंढरपूरच्या आणि गणपतीला कोकणाच्या वाटेवर महामंडळ दरवर्षी फिरती दुरुस्ती पथकं ठेवतं. तसंच एखादं पथक नागपूर ते छत्रपती संभाजीनगर या पट्ट्यात बारमाही असायला हरकत नाही.

दुसरा बदल मालकीचा आहे. भाड्याच्या गाड्या वाढत आहेत. २०२३ मध्ये ५१५० विजेच्या बस भाडेतत्त्वावर घेण्याचं काम एका कंपनीला देण्यात आलं. विजेची गाडी धूर करत नाही, डिझेल वाचवते, तिचं स्वागतच आहे. मात्र ती अडली की तिच्याकडे पाहणारा माणूस कंपनीचा असतो आणि एसटीचा शेजारून जाणारा चालक तिच्या वाहिन्यांना हात लावू शकत नाही. लावूही नये, कारण तिथे जीवघेणा विद्युतदाब असतो. म्हणून करारातच काही गोष्टी पक्क्या लिहिलेल्या असाव्यात. बिघाड झाल्यावर किती वेळात माणूस पोचेल, प्रवाशांना पुढची कोणती गाडी घेईल, आणि ती गाडी कोणाच्याही मालकीची असली तरी तिकीट पुन्हा मागितलं जाणार नाही.

विदर्भातल्या लोकांनी आणि लोकप्रतिनिधींनी एसटीकडे नवे मार्ग आणि नव्या गाड्या नेहमीच मागितल्या आहेत. त्यांच्या जोडीने आता आणखी काही गोष्टी मागायला हव्यात. प्रत्येक आगाराला चालू स्थितीतली एक ब्रेकडाऊन व्हॅन, यांत्रिकी कर्मचाऱ्यांच्या रिकाम्या जागांची भरती, आणि अहेरीसारख्या टोकाच्या आगारात सुट्या भागांचा पुरेसा साठा. याला फार मोठा पैसा लागत नाही. नवी बस आली की हार घालून तिचा फोटो निघतो, तसा नव्या मेकॅनिकचा निघत नाही, म्हणून ही मागणी मागे पडते. ती पुढे आणण्याचं काम रोज एसटीने जाणाऱ्या आपणच केलं पाहिजे. आमसभेत, तालुक्याच्या तक्रार निवारण बैठकीत आणि आगार व्यवस्थापकाच्या टेबलावर तिचा अर्ज गेला पाहिजे. बंद पडलेल्या गाडीतला कोणताही प्रवासी रस्त्यावर राहणार नाही, ही हमी एसटीने सत्तर-पंच्याहत्तर वर्षांत कष्टाने कमावली आहे. पुढच्या पिढीच्या हाती देण्यासारखी यापेक्षा मोलाची दुसरी मालमत्ता तिच्याकडे नाही.